कॅमेरे आमच्या दुकानात, ताबा बसवणाऱ्याच्या मोबाइलमध्ये

कराडमध्ये आमचं लेडीज वेअरचं दुकान आहे. खाली दुकान, वर घर. लग्नसराईत गल्ल्याचा हिशोब सारखा कमी भरायला लागला, म्हणून चार कॅमेरे, डीव्हीआर (कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग साठवणारं यंत्र) आणि गल्ल्यासमोर भिंतीवरच्या घड्याळात एक छुपा कॅमेरा असं सगळं काम एकाच माणसाला दिलं. त्याने 38,000 रुपये घेतले आणि दोन प्रकारे फसवलं. पहिल्यात पैसे गेले. दुसरा प्रकार त्याहून कितीतरी वाईट, आणि तो तुमच्याकडेही चालू असू शकतो, म्हणून हे लिहितेय.

आधी कार्डाचं सांगते. एका दिवशी गल्ल्यातून अकरा हजार गेले. रात्री दुकान बंद केल्यावर घड्याळ उतरवलं, मागचं झाकण काढून मेमरी कार्ड लॅपटॉपला लावलं. फायली ओळीने दिसत होत्या. तारीख, वेळ, साइज सगळं जिथल्या तिथे. पण उघडेना एकही. कॅमेरा बसवला त्या पहिल्या दिवसाच्या काही फायली तेवढ्या चालल्या. भाच्याने एचटूटेस्टडब्ल्यू नावाचं फुकट मिळणारं सॉफ्टवेअर त्या कार्डावर चालवलं. ते कार्ड पूर्ण भरून परत वाचून बघतं. वर छापलेले 128 जीबी, आत खरे 8. अशा बनावट कार्डात खोटी क्षमता भरलेली असते. कॅमेऱ्याला वाटतं जागा आहे, तो लिहीत राहतो, आणि खरी जागा संपली की पुढचं काहीच साठत नाही. फुल एचडी चित्रणाला 8 जीबी अर्धा दिवसही पुरत नाहीत. चोरी नेमकी कॅमेऱ्यासमोर झाली असणार, आणि आमच्या हातात काही नाही.

हे प्रकरण ताजं असतानाच मोबाइलवर दुकान दिसायचं बंद झालं. बसवणाऱ्याला फोन केला तर म्हणाला, "वहिनी, सर्व्हरचं वर्षाचं भाडं संपलंय. साडेतीन हजार पाठवा, लगेच चालू करतो." क्लाउडवर रेकॉर्डिंग साठवायचं असेल तर कंपन्या पैसे घेतात, हे खरं. पण आमचं रेकॉर्डिंग डीव्हीआरच्या हार्ड डिस्कवर होतं, आणि अशा डीव्हीआरचं नुसतं लाइव्ह चित्र कंपनीच्या ॲपवर बघायला सहसा भाडं नसतं. भाच्याने नवीन खातं काढून डीव्हीआरखालचा क्यूआर कोड स्कॅन केला. स्क्रीनवर आलं की हे उपकरण आधीच दुसऱ्या खात्यात जोडलेलं आहे, आणि खाली अर्धवट झाकलेला मोबाइल नंबर. शेवटचे आकडे त्याच माणसाचे.

म्हणजे यंत्र आम्ही विकत घेतलं आणि नोंदलं त्याने स्वतःच्या नंबरवर. आम्हाला नुसतं शेअर करून ठेवलं होतं. मनात आलं तेव्हा त्याने ते काढून घेतलं आणि पैसे मागितले. पण पैशांपेक्षा मला दुसरंच लागलं. चारपैकी एक कॅमेरा वरच्या हॉलमध्ये आहे, सासूबाई दिवसभर एकट्या असतात म्हणून बसवलेला. डीव्हीआरमध्ये बाहेरून कोण कधी लॉगिन झालं याची नोंद राहते. ती उघडली तर रात्री साडेअकरा, पावणेबारा, पहाटे अशा वेळा. त्या वेळी आमच्या घरातलं कुणीही मोबाइल घेऊन कॅमेरे बघत बसलेलं नव्हतं. उन्हाळ्यात आम्ही सगळे त्याच हॉलमध्ये झोपतो. ती यादी बघताना माझे हातपाय गार पडले.

आणि हाच माणूस सुरुवातीला आग्रह करत होता की ट्रायल रूमच्या तोंडाशी स्मोक डिटेक्टरसारखा दिसणारा कॅमेरा लावा, चोऱ्या तिथेच होतात. आम्ही साफ नाही म्हटलं होतं. कपडे बदलणाऱ्या बाईचं चोरून चित्रण करणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 77 खाली गुन्हा आहे, पहिल्यांदाच सापडला तरी एक ते तीन वर्षं कैद. माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम 66ई, म्हणजे कुणाच्या खासगी अंगाचं परवानगीशिवाय चित्रण, ते वेगळंच. 2025 मध्ये राजकोटच्या प्रसूती रुग्णालयातलं बायकांच्या तपासणीचं फुटेज इंटरनेटवर विकलं जात असल्याचं उघड झालं. पकडलेल्यांत आपल्या लातूर आणि सांगलीकडचेही होते. आमच्या गिऱ्हाइकांचं काही त्याच्या हाती लागलं असतं, तर बाजारात आम्ही तोंड कसं दाखवलं असतं?

ताबा परत मिळवायलाही खटपट पडली. कंपनीच्या कस्टमर केअरने सिरियल नंबर असलेलं बिल मागितलं. पक्कं बिल वारंवार मागूनही त्याने कच्ची पावतीच टेकवली होती. शेवटी डीव्हीआरखालच्या लेबलचे फोटो पाठवून जुनं खातं तोडून घेतलं. मग स्वतःच्या नंबरवर नोंदणी केली, ॲडमिनचा पासवर्ड आणि व्हेरिफिकेशन कोड बदलला. युजरच्या यादीत 'सर्व्हिस' नावाचा एक जादा युजर निघाला, तोही काढला. नुसता पासवर्ड बदलून भागलं नसतं.

तुमच्याकडे कॅमेरे असतील तर आजच ॲपमध्ये बघा, उपकरण तुमच्या खात्यात आहे की कुणीतरी तुम्हाला शेअर केलंय. नवीन बसवत असाल तर बसवणारा समोर असतानाच नोंदणी तुमच्या मोबाइलवर करा, ओटीपी तुमच्याच नंबरवर आला पाहिजे. तो गेला की सगळे पासवर्ड बदला. छुप्या कॅमेऱ्याचं कार्ड मात्र त्याच्याकडून घेऊच नका, ओळखीच्या दुकानातून बिलासकट आणा आणि कोरं असतानाच तपासून घ्या.

आम्ही पोलीस ठाण्यात लेखी अर्ज दिलाय, सायबरच्या पोर्टलवरही तक्रार नोंदवलीय. 1930 या सायबर हेल्पलाइनवर फोन करूनही तक्रार देता येते. आमच्याकडे दाखवायला काहीतरी आहे ते भाच्यामुळे. जुनं खातं तोडण्याआधी त्याने लॉगिनची यादी, तो अर्धवट नंबर आणि पैसे मागितल्याचे मेसेज, सगळ्याचे फोटो काढून ठेवले होते. घाईने फॅक्टरी रिसेट मारला असता तर ती यादी कदाचित पुसली गेली असती.