तापासाठी पॅरासिटामॉल की आयब्युप्रोफेन? लावणीच्या दिवसांतली निवड

कोकणात भाताची लावणी सुरू झाली की दिवसभर चिखलात वाकून काम केलेल्या माणसाचे अंग संध्याकाळी दुखतेच, आणि त्यात कणकण वाटू लागली की नाक्यावरच्या मेडिकलमधून एखादी गोळी आणली जाते. ती बहुधा पॅरासिटामॉलची असते, नाहीतर आयब्युप्रोफेनची. दोन्ही गोळ्या ताप उतरवतात आणि दुखणे कमी करतात, म्हणून कोणतीही घेतली तरी चालेल असा समज आहे. प्रत्यक्षात त्या शरीरात वेगवेगळ्या ठिकाणी काम करतात आणि त्यांचा भार वेगवेगळ्या अवयवांवर पडतो.

इजा किंवा जंतुसंसर्ग झाला की सायक्लोऑक्सिजिनेज या विकराच्या (एन्झाइमच्या) साहाय्याने शरीर प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्ये तयार करते. मेंदूत ती ताप चढवतात आणि दुखावलेल्या जागी सूज व ठणका आणतात. ॲस्पिरिन हीच निर्मिती रोखते, हे जॉन व्हेन यांनी 1971 मध्ये दाखवले आणि 1982 मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. मात्र याच कुळातली द्रव्ये जठराचे अस्तर सांभाळतात आणि शरीरातले पाणी कमी झाले असता मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा टिकवून धरतात; रक्त गोठवणाऱ्या प्लेटलेट्सचे कामही याच विकरावर अवलंबून असते.

आयब्युप्रोफेन हे विकर शरीरभर अडवते. त्यामुळे बांधावरून घसरून घोटा मुरगळला आणि सुजला, तर तिचा गुण पॅरासिटामॉलपेक्षा उजवा ठरतो, कारण पॅरासिटामॉलचा परिणाम मुख्यतः मेंदूत होतो आणि सूज तिला फारशी जुमानत नाही. पण जठर, मूत्रपिंड आणि प्लेटलेट्स यांनाही आयब्युप्रोफेनची झळ लागते. पेज पिऊन गोळी घेतल्याने जळजळ कमी वाटेल. अस्तराचे संरक्षण मात्र रक्तातून पोहोचलेल्या औषधामुळे घटते, त्यामुळे भरल्या पोटाचा आधार अपुराच पडतो. अल्सर, मूत्रपिंडाचा किंवा हृदयाचा विकार असलेल्यांनी आणि गर्भवतींनी ती स्वतःच्या मनाने घेऊ नये. रक्तदाबाच्या काही गोळ्यांचा परिणामही तिच्यामुळे कमी होतो.

पॅरासिटामॉलचा भार यकृतावर पडतो. तिचा बहुतेक भाग यकृत निरुपद्रवी करून लघवीवाटे बाहेर टाकते, पण थोड्या भागापासून एक विषारी द्रव्य बनते आणि ते निष्प्रभ करणारा ग्लुटाथायोनचा साठा मर्यादित असतो. निरोगी प्रौढासाठी दिवसाची कमाल मर्यादा 4 ग्रॅम आहे. 650 मिलिग्रॅमच्या सहा गोळ्यांतच 3.9 ग्रॅम होतात, आणि वर सर्दीची गोळी घेतली तर तिच्यातही बहुधा पॅरासिटामॉल असतेच. रोज दारू घेणाऱ्याने मात्र 4 ग्रॅमपर्यंतची मात्रा आपल्यालाही सुरक्षित आहे असे धरूच नये. जास्त मात्रा गेल्यावर पहिल्या दिवशी माणूस ठीकही दिसू शकतो, म्हणून अशा वेळी लक्षणांची वाट न पाहता रुग्णालय गाठावे.

एवढे असूनही पावसाळ्यातल्या तापासाठी माझे मत निःसंशय पॅरासिटामॉलच्या बाजूने आहे. शेतातल्या पाण्यातून होणारा लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस) मूत्रपिंडावर घाला घालतो आणि डेंग्यूत प्लेटलेट्स घटून रक्तस्राव होऊ शकतो. म्हणजे आयब्युप्रोफेन नेमकी जिथे झळ पोहोचवते, तिथेच हे आजार आधी घाव घालतात. सावंतवाडी-दोडामार्ग भागातला, गोचिडीमुळे होणारा माकडताप पावसाळ्यातला नसला तरी त्यातही रक्तस्रावाची भीती असते आणि हाच नियम लागू पडतो. ताप चटकन मोडावा म्हणून मागून घेतले जाणारे डायक्लोफेनॅकचे इंजेक्शनही आयब्युप्रोफेनच्याच जातीचे आहे, हे सहसा कोणी लक्षात घेत नाही.

अर्थात पॅरासिटामॉल ताप उतरवते, लेप्टोचे जंतू मारत नाही. चिखलात काम केल्यानंतर ताप आला आणि पोटऱ्या दुखू लागल्या, डोळे लाल झाले किंवा लघवी कमी झाली, तर त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रात जावे आणि शेतातल्या कामाचा उल्लेख डॉक्टरांकडे आवर्जून करावा, कारण लेप्टोवरचे प्रतिजैविक लवकर सुरू झालेले बरे.

मुरगळलेल्या घोट्यासाठी, अंगात ताप नसताना, एक-दोन दिवस आयब्युप्रोफेन घ्यायला हरकत नाही. गोळी घेण्यापूर्वी पाकिटावरची बारीक अक्षरे वाचावीत: दोन्ही औषधे एकत्र असलेल्या गोळ्याही सर्रास मिळतात, आणि कारण न कळलेल्या तापात त्या आयब्युप्रोफेनच्याच हिशेबात धरून बाजूला ठेवाव्यात.