बर्निंग मॅन कला महोत्सव : कोल्हापूरच्या एका शिल्पकाराचा अभिप्राय

अमेरिकेतील नेवाडा राज्यात, ब्लॅक रॉक वाळवंटात दर वर्षी ऑगस्टच्या अखेरीस भरणाऱ्या बर्निंग मॅन या कला महोत्सवाला मी २०२४ साली गेले होते आणि तिथे स्वयंसेवक म्हणून कामही केले. परत आल्यापासून कोल्हापुरातील चित्रकार-शिल्पकार मित्रमंडळी आणि कलाशाळेत शिकणारी त्यांची मुले एकच गोष्ट विचारतात, ती म्हणजे एवढा खर्च करून तिथे जाण्यात काही अर्थ आहे का. नुसते पाहायला जाणार असाल तर पैसे वसूल होणार नाहीत, असे माझे स्पष्ट मत आहे. अंगावर एखादे काम घेणार असाल, तर मात्र कलेच्या क्षेत्रातील माणसाने आयुष्यात एकदा जावे अशी ती जागा आहे.

महोत्सवाचा इतिहास थोडक्यात सांगते. १९८६ साली लॅरी हार्वी आणि जेरी जेम्स यांनी सॅन फ्रान्सिस्कोच्या बेकर बीचवर आठएक फुटांचा लाकडी पुतळा नेऊन जाळला. पुढे दर वर्षी तो प्रघात पडला आणि १९९० साली किनाऱ्यावर पुतळा जाळण्यास मनाई झाल्यावर तो ब्लॅक रॉक वाळवंटात आला. आता सत्तर हजारांच्या आसपास माणसे तिथे जमतात आणि त्यांच्यासाठी ब्लॅक रॉक सिटी नावाचे तात्पुरते शहर उभे राहते. मध्यभागी पुतळा असतो, त्याच्याभोवती घड्याळातल्या दोनपासून दहापर्यंतच्या वेळांची नावे असलेले रस्ते बाहेर जातात आणि अक्षरांच्या क्रमाने नावे दिलेले अर्धगोल रस्ते त्यांना छेदतात, त्यामुळे नवख्या माणसालाही पत्ता पाठ करणे सोपे जाते. शनिवारी रात्री पुतळा जाळतात आणि रविवारी रात्री मंदिर, म्हणजे गेलेल्या माणसांच्या आठवणींसाठी दर वर्षी उभारली जाणारी वास्तू.

तिकिटाच्या मोबदल्यात काय मिळते, हे आधी नीट समजून घेतले पाहिजे, कारण आपल्याकडच्या महोत्सवांच्या सवयीने गेलेल्या माणसाची तिथे निराशाच होईल. २०२४ साली मुख्य विक्रीतील तिकीट ५७५ डॉलरचे होते, म्हणजे जवळजवळ अठ्ठेचाळीस हजार रुपयांचे, आणि गाडीचा पास आणखी १५० डॉलरचा. विमानप्रवास वेगळा. एवढ्या पैशांत आखलेले रस्ते, फिरती शौचालये, वैद्यकीय मदत आणि उघड्यावर मांडलेली शेकडो शिल्पे मिळतात. पाणी, अन्न, निवारा आणि सावली मात्र प्रत्येकाने स्वतः न्यायची असते. खाण्याचे गाडे नाहीत, दुकाने नाहीत. पैसे देऊन घेण्याजोगी जवळपास एकच वस्तू म्हणजे बर्फ. माझा भाचा सॅक्रामेंटोला राहतो आणि यापूर्वी तिथे जाऊन आलेला आहे. त्याच्या ओळखीच्या मंडळींच्या छावणीत आमची सोय झाली म्हणून हे जमले. कोल्हापुरातून एकट्याने जाऊन तंबूपासून पाण्याच्या पिंपापर्यंत सगळी जमवाजमव करणे फारच अवघड आहे. सायकलीशिवाय तिथे फिरता येत नाही, आणि रिनो शहरातल्या एका दुकानातून भाड्याने घेतलेल्या माझ्या सायकलीची साखळी दुसऱ्याच फेरीला तुटली. ती छावणीतल्या एका सुताराने जोडून दिली, पण सायकल नेण्यापूर्वी चार फेऱ्या मारून बघाव्यात हे सांगून ठेवते.

हवामानाविषयी थोडे अधिक लिहिणे भाग आहे. ते वाळवंट म्हणजे लाहोंटन या प्राचीन सरोवराचा कोरडा पडलेला तळ आहे. तिथे आपल्या डोळ्यांसमोर असते तशी वाळू नाही. मैद्याइतकी बारीक, पांढरट, क्षारयुक्त माती आहे. वारा सुटला की दहा पावलांवरचा माणूस दिसेनासा होतो, म्हणून डोळ्यांना घट्ट बसणारा चष्मा आणि नाकावर मास्क कायम जवळ लागतो. मी मोठ्या हौसेने कापशीची चप्पल नेली होती, पण भाच्याने ती गाडीतच ठेवायला लावली, आणि ते योग्यच झाले. त्या क्षाराने कातडेही सुकते आणि माणसाच्या टाचाही भेगाळतात. त्यावर उपाय म्हणजे बंद बूट, जाड मोजे आणि रोज रात्री व्हिनेगर घातलेल्या पाण्याने पाय धुणे. दिवसा उन्हाचा तडाखा आणि रात्री स्वेटर घालावा लागेल अशी थंडी असते. पाऊस पडला तर तीच माती बुटांना आणि चाकांना चिकटून बसते. २०२३ साली हजारो लोक चिखलात अडकून पडल्याच्या बातम्या आपल्याकडेही आल्या होत्या. आम्ही गेलो त्या वर्षीही दरवाजे उघडण्याच्या सुमारास पाऊस झाला आणि प्रवेश काही तास थांबवावा लागला.

आता मुख्य विषयाकडे वळते. स्वयंसेवकांची कामे अनेक असतात. येणाऱ्यांचे स्वागत करणे, बर्फ विकणे, शिल्पकारांना मदत करणे, रस्ते आखणे अशी ती यादी मोठी आहे. मी लॅम्पलायटर्स या गटात गेले. वाळवंटात खांबांवर रॉकेलचे कंदील टांगून रस्ते उजळण्याचे काम हा गट वर्षानुवर्षे करत आला आहे, आणि त्यासाठी आधी नाव नोंदवलेले नसले तरी दुपारी त्यांच्या जागी जाऊन उभे राहिले की काम मिळते.

काम सुरू होते ते कंदील पुसण्यापासून. आदल्या रात्रीची काजळी आणि दिवसभराची माती काचेवर एकत्र बसलेली असते. ओल्या फडक्याने पुसले तर तिचा चिखल होतो, म्हणून आधी कोरड्या फडक्याने धूळ झटकायची आणि मग काच आतून-बाहेरून फिरवत पुसायची. वात जळून वाकडीतिकडी झालेली असते. ती कात्रीने सरळ कापून दोन्ही कोपरे किंचित उतरवायचे, म्हणजे ज्योत एका बाजूला जीभ काढत नाही आणि काच काळी होत नाही. माझ्या शेजारी बसलेल्या बाई पेशाने परिचारिका होत्या. वात कशी कापायची हे त्यांनी मला एकदाच दाखवले आणि मग माझ्या प्रत्येक कंदिलाकडे तिरप्या नजरेने पाहत राहिल्या, तोपर्यंत की माझी वात त्यांच्या मनासारखी झाली. रोज हजाराच्या आसपास कंदील असे तयार होतात.

सूर्य खाली गेला की सगळ्यांना पांढरे पायघोळ झगे देतात, ज्यांच्या खालच्या काठावर ज्वाळांची नक्षी असते. एका गटाच्या खांद्यावर कंदिलांची कावड असते आणि दुसऱ्या गटाकडे टोकाला आकडी लावलेल्या उंच काठ्या; आकडीने एकेक कंदील उचलून खांबावरच्या हुकात अडकवायचा. बाकीचे लोक पाणी घेऊन बरोबर चालतात. कावड दिसते त्यापेक्षा बरीच जड असते, कारण भार दोन्ही टोकांना हेलकावे खात राहतो आणि चाल जराही बिघडली की कंदील एकमेकांवर आपटतात. सगळ्यांनी एका लयीत चालणे म्हणूनच आवश्यक ठरते. आमच्या शहरात तालीम मंडळाचा कार्यकर्ता गणपतीच्या आधी महिनाभर मांडवाच्या वाशांवर चढून राबतो आणि मिरवणुकीत त्याला कोणी ओळखतही नाही. तेच समाधान मला त्या रांगेत मिळाले. पहाटे दुसरा गट जाऊन विझलेले कंदील उतरवून आणतो, आणि माझ्या मते हे काम अधिक कसोटीचे आहे, कारण त्या वेळी टाळ्या वाजवायला कोणी उभे नसते.

कंदिलांमुळे माझी शिल्पांकडे पाहण्याची पद्धतही बदलली. रोज त्याच रस्त्यांनी चालल्याने एकच शिल्प उन्हात, धुळीत आणि अंधारात दिसत गेले. शिल्पकार म्हणून प्रामाणिकपणे लिहायचे तर तिथल्या कामांत आकाराचा सोस फार आहे. रात्री हजारो रंगीत दिव्यांनी झगमगणारी कित्येक शिल्पे सकाळी पाहिली की आत नुसता सांगाडा दिसतो. पण जी कामे सकाळच्या कोवळ्या उन्हातही टिकून राहतात, ती खरोखर मोठी आहेत. याच महोत्सवातून पुढे आलेल्या मार्को कोक्रेन यांनी स्टीलच्या सळ्या आणि जाळीतून घडवलेल्या विशाल स्त्रीमूर्ती आज कायमस्वरूपी जागांवर उभ्या आहेत. २०१० सालची त्यांची नर्तकी लास व्हेगासमध्ये आहे आणि २०१३ सालची पंचावन्न फुटी मूर्ती कॅलिफोर्नियातील सॅन लिअँड्रो येथे. वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संस्थेने २०१८ साली रेनविक दालनात या महोत्सवाच्या कलेचे मोठे प्रदर्शन भरवले, तेव्हा कलासमीक्षकांनाही या कामांची दखल घ्यावी लागली. निवडक शिल्पांना आयोजक अनुदान देतात, पण बहुतेक वेळा त्यातून सगळा खर्च भागत नाही. उरलेले पैसे कलाकार वर्गणी काढून उभे करतात. बाबूराव पेंटर यांच्या शहरातल्या मुलांनी बघण्यासारखी गोष्ट पूर्ण झालेल्या शिल्पापेक्षा त्याची उभारणी आहे, जिथे वेल्डर, वीजतंत्री आणि सुतार शिल्पकाराच्या बरोबरीने निर्णय घेत असतात. शक्य असेल तर महोत्सव सुरू होण्याआधी चार-सहा दिवस जाऊन एखाद्या शिल्पाच्या गटात काम मिळवावे.

मंदिराची परंपरा २००० साली डेव्हिड बेस्ट यांनी सुरू केली आणि त्यांच्या एका मित्राच्या अपघाती मृत्यूमुळे तिला शोकस्थानाचे रूप आले. २०२४ चे मंदिर कॅरोलाइन घोस्न यांच्या संकल्पनेतून उभे राहिले होते. भिंतींवर लोक गेलेल्या माणसांना उद्देशून पत्रे लिहितात, त्यांचे फोटो टाचतात. एका खांबावर कोणीतरी आपल्या वडिलांच्या हातची अवजारे, पटाशी आणि रंधा, सुतळीने बांधून ठेवली होती. लाकडी मुठी हाताळून गुळगुळीत झालेल्या होत्या. त्या वास्तूबाहेर लाखो दिवे आणि संगीताचा गोंगाट असतो, आत मात्र कोणी मोठ्याने बोलत नाही. महोत्सवाविषयी एरवी ज्यांना आकस आहे, त्यांनीही मंदिर पाहून मगच मत बनवावे.

भेट देण्याची प्रथा हा तिथल्या जगण्याचा गाभा आहे. लॅरी हार्वी यांनी २००४ साली दहा तत्त्वे लिहून काढली, त्यांत देण्याचे तत्त्व आहे. त्या देण्याच्या बदल्यात काही मागायचे नसते. मी कोल्हापुरी गुळाचे छोटे खडे करून नेले होते. उन्हात भटकून आलेल्या माणसाला गुळाचा खडा आणि वर पाणी दिले की त्याच्या चेहऱ्यावर येणारी तरतरी पाहण्यासारखी असे. पुढे आमची छावणी दुपारी गूळपाण्यासाठी ओळखली जाऊ लागली. जाणाऱ्यांनी महागड्या वस्तू नेऊ नयेत. गूळ, भाजलेले शेंगदाणे, लिंबाचे सरबत यांचेच तिथे मोल आहे.

स्वयंसेवेचा दुसरा मोठा भाग म्हणजे आवराआवर. जागा अमेरिकेच्या केंद्र सरकारच्या भूमी व्यवस्थापन खात्याची आहे आणि महोत्सवानंतर ते खाते जमीन तपासते. एका एकरात मिळून एक चौरस फुटाहून अधिक जागा व्यापेल एवढा कचरा राहता कामा नये, असा निकष आहे. कचऱ्याच्या पेट्या कुठेही नाहीत, आपला कचरा आपणच घेऊन जायचा, अगदी भांडी धुतलेले पाणीसुद्धा. शेवटच्या दिवशी आम्ही आमच्या जागेवर हात-हात अंतरावर रांग धरून जमिनीकडे पाहत चाललो. मोडलेली टाचणी, केसाची पिन, पिस्त्याचे टरफल, झग्यावरून गळलेली टिकली, सगळे वेचायचे. मग चुंबकाचे दांडके फिरवून स्क्रू आणि तारा गोळा करायच्या. प्रत्येक छावणीची जागा किती स्वच्छ राहिली याचा नकाशा आयोजक प्रसिद्ध करतात आणि लाल रंग मिळालेल्या छावणीला पुढच्या वर्षी जागा मिळणे अवघड होते. रंकाळ्याच्या काठावर जत्रेनंतरचा कचरा पाहणाऱ्या प्रत्येकाला ही शिस्त आपल्याकडे यावी असे वाटेल, आणि ती येऊ शकते, कारण तिथेही हे काम करणारी बहुतेक माणसे बिनपगारीच असतात.

काही बाबतीत माझे समाधान झाले नाही. श्रीमंतांच्या छावण्यांत स्वयंपाकापासून आवराआवरीपर्यंत सगळे पगारी नोकर करतात. २०१९ साली आयोजकांनी याविरुद्ध कडक भूमिका घेतली असली, तरी वातानुकूलित गाड्यांची तटबंदी करून बसलेले लोक अजून दिसतात. तसेच जळणाऱ्या पुतळ्यापेक्षा तिथवरच्या सत्तर हजार लोकांच्या प्रवासाने होणारे प्रदूषण कितीतरी अधिक आहे, आणि कोल्हापुरातून जाणाऱ्याने हा विचार मनातून काढून टाकणे बरोबर नाही. आपल्या मूर्तिकारांसाठी तर हे दिवसच गैरसोयीचे आहेत. २०२४ साली गणेश चतुर्थी ७ सप्टेंबरला होती, म्हणजे महोत्सव संपून आठवडाही झालेला नव्हता. शाहूपुरीच्या कुंभार गल्लीतला किंवा बापट कॅम्पमधला कोणी त्या काळात घर सोडू शकत नाही.

ज्यांना जायचे आहे त्यांनी महोत्सवाच्या संकेतस्थळावर वर्षाच्या सुरुवातीलाच स्वतःची नोंद करून स्वयंसेवकांची प्रश्नावली भरावी, कारण तिकिटांच्या विक्रीसाठीही तीच नोंद लागते. कमी उत्पन्न असणाऱ्यांसाठी सवलतीच्या तिकिटांची योजनाही आहे. पहिल्यांदा जाणाऱ्याने स्वागताचे किंवा कंदिलांचे काम घ्यावे. रेंजरच्या, म्हणजे लोकांच्या सुरक्षेवर लक्ष ठेवणाऱ्या स्वयंसेवकाच्या, कामासाठी आधी महोत्सवाला जाऊन आलेले असावे लागते. दर माणशी दर दिवशी साडेपाच ते सहा लिटर पाणी धरावे. उंची जवळपास बाराशे मीटर आणि हवा कोरडी असल्याने साठीच्या पुढच्यांनी डॉक्टरांचा सल्ला घेऊनच जावे. माझा भाचा दर तासाला, "मावशी, तहान लागायची वाट बघू नकोस," असे म्हणत बाटली पुढे करत असे. बरोबर असा एखादा माणूस जरूर असावा.