‘बिगर लाईटचा’ गॅस गिझर घेताना आमच्यासारखे फसू नका

पाटणच्या वर डोंगरात आमचं रानातलं घर आहे. कोयनेचे १,९६० मेगावॅट खाली तयार होतात, आमच्या वस्तीवर मात्र अजून खांब नाही. दिवे, मोबाईल आणि छोटा टीव्ही सोलरवर चालतात. आंघोळीला बंब होता. आईला आता लाकडं फोडणं, धूर सोसणं जमत नाही, म्हणून गॅस गिझर घ्यायचं ठरलं.

साताऱ्यातल्या एका प्रदर्शनात स्टॉलवाल्याने हेरलंच. “पाव्हणं, लाईट नाही ना? मग हाच तुमचा. दोन सेल टाका, नळ सोडा, पेटला. एक सिलिंडर वर्षभर जातोय.” नळ सोडून दाखवला, गरम पाणी आलं. सेलवर ठिणगी पडते हे खरंच आहे. पण ज्वाला पेटते ती पाण्याच्या दाबाने आतला व्हॉल्व्ह उघडला तर, हे त्याने सांगितलं नाही. स्टॉलवर पाणी पंपाचं होतं. मशीनवर कमीत कमी दाब ०.०३ एमपीए (मेगापास्कल) लिहिलेला, म्हणजे टाकीतलं पाणी गिझरपेक्षा निदान तीन मीटर उंच हवं. आमची टाकी स्लॅबवर, फरक जेमतेम दोन मीटरचा. गिझर काही पेटेना. फोन केला तर म्हणाला, “प्रेशर पंप बसवा, माझ्याकडेच आहे.” बिगर लाईटच्या मशीनला लाईटवरचा पंप! तोही वेगळे पैसे घेऊन त्यानेच आमच्या सोलरवर बसवला.

इथपर्यंत नुसती लबाडी म्हणून सोडून दिलं असतं. पण गिझर त्याच्या माणसाने न्हाणीघरात आतच ठोकला, धुराचा पाईप लावला नाही. “ह्या मॉडेलला लागत नाही,” म्हणे. ज्वाला पिवळी, वर काजळी. एकदा आई आंघोळ करून बाहेर आली आणि दारातच बसली. डोकं जड, मळमळ. सिलिंडरच्या गॅसला वास मुद्दाम घातलेला असतो, पण अर्धवट जळल्यावर होणाऱ्या कार्बन मोनॉक्साईडला ना वास ना रंग. वास येत नाही म्हणून आपण निर्धास्त, आणि बंद न्हाणीघरात माणसं जातात ती यानेच.

कराडच्या एका जुन्या मेकॅनिकने झाकण उघडलं. ‘एलपीजी’चा स्टिकर नखाने खरवडला तर खाली ‘पीएनजी’! म्हणजे शहरातल्या पाईपच्या गॅसचं मशीन. त्याच्या नोझलचं भोक मोठं. सिलिंडरचा गॅस त्यातून जास्त सुटतो, हवा पुरत नाही आणि पिवळी ज्वाला येते. आयएसआयचा शिक्काही तसलाच खोटा. त्याखाली सीएम/एल ने सुरू होणारा परवाना नंबर असतो, तो सरकारी मानक ब्युरोच्या ‘बीआयएस केअर’ ॲपमध्ये टाकला की परवाना कुणाचा ते दिसतं. आमच्या मशीनवरचा नंबर भलत्याच कंपनीचा निघाला. ही तपासणी दुकानात उभ्या उभ्या होते. सिलिंडरवरच्या गिझरसाठी आयएस १५५५८ हा मानकाचा नंबर शोधा.

वर्षभराच्या सिलिंडरचं गणितही ऐका. मिनिटाला सहा लिटर पाणी २५ अंशांनी तापवायला तासाला निदान ८०० ग्रॅम गॅस लागतो. १४.२ किलोचा सिलिंडर म्हणजे फार तर १७-१८ तास. घरात पाच माणसं, प्रत्येकी दहा मिनिटं धरली तर तीन आठवड्यांच्या आतच खडखडाट.

बिल म्हणून स्टॉलवाल्याने दिला होता साधा कागद, जीएसटी नंबर नाही. तरी पैसे ऑनलाईन दिल्याची नोंद होती, तीच कामी आली. ग्राहक हेल्पलाईन १९१५ वर तक्रार नोंदवली. पुढे जिल्हा ग्राहक आयोगात जायचं तर पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी लागत नाही. आता आम्ही परत बंबावर आलोय.

तक्रार गेल्यावर त्याचा माणूस गाडी घेऊन दारात आला. “फक्त सर्व्हिसिंगला नेतो, नवं नोझल टाकून देतो.” आम्ही मशीन दिलं नाही. तुमच्याकडेही कुणी असा आला तर आधी दोन्ही स्टिकरचे फोटो काढा, आणि लेखी पोच घेतल्याशिवाय मशीनला हात लावू देऊ नका.