पेलाभर पाणी तपकिरी झालं आणि माझे साडेअठरा हजार गेले

आमच्या सोसायटीला उन्हाळ्यात बोअरचं पाणी येतं. बादल्यांवर पांढरे थर बसतात, डाळ शिजता शिजत नाही. त्यामुळे 'पाण्यातले जड धातू मोफत तपासून देतो' म्हणत तो पोरगा दारात आला, तेव्हा मीच त्याला आत घेतलं. वर चहाही पाजला.

त्याने पेनाएवढा 'हेवी मेटल सेन्सर' पाण्यात बुडवला. आकडा आला 640. "काका, हे सगळं शिसं आणि आर्सेनिक." मग दोन पेले मांडले, एकात आमचं पाणी, दुसऱ्यात त्याच्या बाटलीतलं. सळ्यांचं यंत्र त्यात उभं करून प्लग लावला. दोन मिनिटांत आमचा पेला तपकिरी, वर मळकट फेस. त्याचा मात्र नितळ. आमचा नातू सहा वर्षांचा आहे. हिने माझ्याकडे एकदाच पाहिलं आणि मी प्युरिफायरचे पैसे मोबाईलवरून पाठवून मोकळा झालो.

रविवारी भाचा आला. तो बारावीला रसायनशास्त्र शिकवतो. त्याने नव्या यंत्राचंच शुद्ध पाणी घेतलं, त्यात दोन लोखंडी खिळे सोडले आणि नऊ व्होल्टची बॅटरी जोडली. काहीच नाही. "मामी, चिमूटभर मीठ." थोड्याच वेळात पाणी आधी हिरवट, मग तपकिरी!

म्हणजे तो रंग सळईतून सुटलेल्या लोखंडाचा. क्षार असले की वीज वाहते आणि लोखंड पाण्यात उतरतं. शुद्ध केलेल्या पाण्यात क्षारच नगण्य, म्हणून ते नितळ राहतं. आणि तो पेन म्हणजे काहीशे रुपयांचा टीडीएस (पाण्यात विरघळलेले एकूण क्षार) मीटर. तो फक्त पाण्यातून वीज किती वाहते ते मोजतो, धातू ओळखत नाही. पिण्याच्या पाण्याच्या आयएस 10500 या भारतीय मानकात शिशाची मर्यादा लिटरला 0.01 मिलिग्रॅम आहे, आणि या मीटरवर लिटरला 1 मिलिग्रॅमपेक्षा लहान फरक दिसतच नाही. शिसं मर्यादेच्या दहापट असतं तरी आकडा 640 च राहिला असता. शिसं ओळखणारे खरे सेन्सर असतात. ते धातू आधी इलेक्ट्रोडवर गोळा करतात, मग तो कुठल्या व्होल्टेजला सुटतो ते बघतात. बुडवला आणि आकडा आला, असं ते काम नाही.

शेवटी प्रयोगशाळेत नमुना दिला. शिसं, आर्सेनिक, कॅडमियम, सगळं मर्यादेच्या आत. जास्त होता तो फक्त जडपणा (कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार), जो आमच्या बादल्या कधीपासून सांगत होत्या. बिलावर नुसतं 'प्युरिफायर' लिहिलंय, शिशाचा उल्लेख कुठेच नाही. फोन बंद.

परवा डी विंगच्या लिफ्टपाशी तीच निळी बॅग दिसली. मी वॉचमनच्या टेबलावर मिठाची पुडी ठेवून आलोय.