डी अँड डीचा स्टार्टर सेट (२०१४ वाला): नागपुरात आठ महिने खेळवल्यानंतर

आधीच सांगतो, डब्यातल्या वस्तू एकेक काढून दाखवणारा रिव्ह्यू मी लिहून नाही राहिलो, तसे ढिगाने आहेत. डी अँड डी म्हणजे डंजन्स अँड ड्रॅगन्स, एकेक पात्र घेऊन, फासे टाकत टेबलावर गोष्ट खेळायचा खेळ. त्याचा हा डबा मी नोव्हेंबरमध्ये ओळखीच्या एका मुलाकडून सेकंडहँड घेतला आणि तेव्हापासून जवळपास दर रविवारी त्रिमूर्तीनगरला आमच्या घरी खेळ चालू आहे. थंडीत गच्चीवर, आणि मे महिन्यात कूलरसमोर, म्हणजे ड्रॅगनचा आवाज काढायचा तर आधी कूलर बंद करायचा, मग ड्रॅगन, की लगेच सगळे ओरडतात, लाव बे कूलर.

डब्यात ३२ पानी नियमांचं पुस्तक, ६४ पानांची एक तयार गोष्ट, पाच तयार पात्रं आणि सहा फासे. पाच जण खेळणार आणि वीस बाजूंचा फासा एकच, तोही दर दहा मिनिटांनी दिवाणाखाली. जास्तीचे फासे पहिल्याच आठवड्यात घ्या, बाकी त्यावर बोलण्यासारखं काही नाही. सगळं इंग्रजीत आहे, मी वाचतो आणि मराठीत सांगतो, ते जमून जातं.

मुळातला नियम सोपा आहे. वीसचा फासा टाका, पात्राचा आकडा त्यात मिळवा, डीएमने (गोष्ट सांगून खेळ चालवणारा, आमच्याकडे मी) मनात धरलेल्या आकड्याएवढं किंवा जास्त आलं की काम झालं. सोप्या कामाला १०, मध्यमला १५, कठीणला २०. परिस्थिती तुमच्या बाजूची असेल तर दोन फासे टाकून मोठा घ्यायचा, विरुद्ध असेल तर लहान. आमच्या वहिनींनी आयुष्यात रमीशिवाय काही खेळलं नव्हतं, त्यांना हे दहा मिनिटांत समजलं. म्हणून मला वाटलं आपण जिंकलो.

आता खरी गोष्ट. डब्यातल्या कथेत अगदी सुरुवातीलाच रस्त्यावर चार गॉब्लिन दबा धरून बसलेले असतात, आणि पहिल्या लेव्हलचं पात्र म्हणजे फुंकर मारली तरी पडेल असं. माझा धाकटा भाऊ बारावीत आहे, तो जादूगार होता, त्याने आदल्या रात्री जागून जादूगाराचं चित्र काढलं होतं, टोपी, काठी, खांद्यावर घुबड. दोन बाण लागले आणि त्याचे हिट पॉइंट, म्हणजे जीव किती उरला त्याचा आकडा, शून्यावर. नियम असा की शून्यावर गेलात की आपल्या प्रत्येक पाळीला वीसचा फासा टाकायचा, १० किंवा जास्त आलं तर एक यश, कमी आलं तर एक अपयश, तीन अपयशं झाली की मेला, आणि सरळ १ आला तर तो एकटाच दोन अपयशांचा. त्याला पहिल्यांदाच १ आला. पुढच्या पाळीला ७. संपलं. खेळ सुरू होऊन पाऊण तास नव्हता झाला.

पुस्तकाप्रमाणे मी काहीच चुकलो नव्हतो. पण बाकीच्यांना त्याच्याजवळ जाऊन त्याला सावरता येतं हे मी सांगितलंच नव्हतं, मला वाटलं विचारतील, त्यांना वाटलं असं काही नसेल. भाऊ काही बोलला नाही, चित्राची घडी केली, खिशात टाकली आणि मोबाईल घेऊन बसला. वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, यात मरायचं असतं हे आधी सांगायचं ना, मी त्याला मागे उभं केलं असतं."

हेच माझं या डब्याबद्दलचं मुख्य म्हणणं आहे. नियम तो चांगले शिकवतो, पण टेबलावर बसलेल्या पाच माणसांना पाच वेगळे खेळ खेळायचे असतात आणि ते सुरू व्हायच्या आधी विचारून घ्यायचं असतं, हे तुमचं तुम्हाला कळेपर्यंत कोणीतरी चित्राची घडी करून बसलेला असतो.

पुढच्या रविवारी फासे काढलेच नाही. तर्री पोहे आणले आणि नुसतं बोललो, जगभर याला सेशन झिरो म्हणतात आणि तो पहिल्या खेळाच्या आधी करतात, आम्ही मेल्यानंतर केला. मी एकेकाला विचारलं, तुला यात काय पाहिजे आणि काय बिलकुल नको. मावसभावाला फक्त मारामारी पाहिजे होती, त्याचा मित्र म्हणे मी तुम्ही बोलावलं म्हणून आलो, पोहे चांगले आहेत. वहिनींना लोकांशी बोलायचं होतं, गावातल्या बाईला नाव काय, मुलं किती, आणि त्यांनी साफ सांगितलं की लहान लेकरांना काही होताना दाखवायचं नाही, मला सहन नाही होत. माझ्या डोक्यात पुढे नेमकं तेच होतं, पळवून नेलेलं पोर! काढून टाकलं. भाऊ म्हणाला, मरायला हरकत नाही पण फालतू बाणाने नाही.

एक्स-कार्ड म्हणून एक पद्धत आहे, जॉन स्टाव्रोपौलोस नावाच्या माणसाची, टेबलाच्या मध्ये एक कार्ड ठेवायचं, कोणालाही काही नकोसं झालं की त्याला हात लावायचा, कारण विचारायचं नाही, तो भाग सोडून पुढे जायचं. आम्ही पत्त्यातला जोकर ठेवला. आठ महिन्यांत दोनदा हात लागला, दोन्ही वेळा दहा सेकंदांत विषय बदलला आणि काहीही बिघडलं नाही. मला आधी हे फार नाटकी वाटायचं, आता नाही वाटत.

आता आमचा वकील. रोल प्लेच्या दुनियेत नियमांवरून वाद घालणाऱ्याला रूल्स लॉयर म्हणतात, पण आमच्याकडचा खराच वकील आहे, कोर्टात ज्युनियर आहे आणि रविवारी उरलेली भूक आमच्यावर काढतो. पहिले दोन महिने अर्धा वेळ त्याच्या आर्ग्युमेंटमध्ये गेला. औषधाची बाटली पिण्यावरून तर पाऊण तास! तो म्हणे बोनस ॲक्शन, म्हणजे पाळीतलं वरचं छोटं काम, माझ्या पुस्तकात पूर्ण ॲक्शन, म्हणजे पाळीचं मुख्य कामच त्यात गेलं, आवाज एवढा चढला की खालचे काका बघायला आले. नंतर कळलं की दोघंही बरोबर होतो, त्याने व्हिडिओ पाहिला होता २०२४ च्या सुधारित नियमांचा आणि माझा डबा २०१४ चा. तुमच्याकडे भांडण झालं तर आधी हे तपासा, कोण कुठल्या वर्षाचं बोलून राहिला.

दुसरं नेहमीचं म्हणजे वीस आला की काहीही होतं ही समजूत. २०१४ च्या नियमात २० आल्यावर हमखास लागतो तो फक्त हल्ला, बाकी कामांना तसं नाही. मावसभावाने खानावळीच्या मालकाला म्हटलं खानावळ माझ्या नावावर कर, आणि आला २०. सगळे उभे राहून नाचून राहिले, आता नाही म्हणून दाखव. मी म्हटलं मालक इतका हसला, इतका हसला की आज रात्रीचं जेवण फुकट. तेवढ्यावर भागलं.

मग मी एक लाल वही केली. वाद झाला की मोबाईलवर दोन मिनिटं लावायची, तेवढ्यात पुस्तकात सापडलं तर ठीक, नाहीतर मी म्हणतो ते आजपुरतं खरं, खेळ संपल्यावर शोधायचं आणि वहीत लिहायचं. बाटली बोनस ॲक्शनमध्येच प्यायची, हा पहिला नियम, सगळ्यांनी मिळून ठरवला. चौथा असा की चूक उशिरा सापडली तर पुढच्या पाळीपासून सुधारायची, झालेलं उकरायचं नाही. आणि वही सांभाळायला दिली वकिलाला. पेशकार केला त्याला. तेव्हापासून तो माझ्याशी कमी आणि पुस्तकाशी जास्त भांडतो, दुसऱ्याची पाळी चालू असताना चुपचाप पानं उलटतो.

घ्यावा का? पाच पैकी चार. नुसते नियम पाहिजे असतील तर २०२३ च्या जानेवारीत या आवृत्तीचे मूळ नियम क्रिएटिव्ह कॉमन्सखाली खुले झाले, ते फुकट मिळतात, डब्याचे पैसे तयार गोष्टीसाठी आहेत आणि ती गोष्ट छान आहे. लपण्याबद्दल मात्र बरंचसं डीएमवर सोडलंय, आमचा चोर दर पाळीला त्याच खांबामागे लपायचा, शेवटी वहीत नियम नऊ लिहिला.

मागच्या रविवारी भाऊ परत शून्यावर गेला, नव्या जादूगारासकट. दोन अपयशं झालेली. फासा पडला ८, पण वकिलाच्या पुजाऱ्याने त्याच्यावर आशीर्वादाचा मंत्र टाकलेला होता, त्यामुळे चारचा फासा जोडीला, त्यावर ३. अकरा, वाचला. वहिनींनी टाळ्या वाजवल्या आणि वकील एकदम गप्प. म्हणाला, एक मिनिट, मघाशी मला बाण लागला तेव्हा मंत्र टिकतो का याचा फासा मी टाकलाच नाही, टाकायला पाहिजे होता. कोणी काही बोलायच्या आत भाऊ म्हणाला, "काऊन सांगितलं बे?"

वकिलाने लाल वही उघडली, बोट फिरवत चौथ्या नियमावर आला, तो मोठ्याने वाचून दाखवला आणि मग आपल्या मंत्राचा फासा टाकायला घेतला, पुढच्या पाळीसाठी.