सरांचे नेट आणि स्कोअरबुक

ठाण्यात नौपाड्यातील एका शाळेच्या मैदानावर, शाळा सुटल्यानंतर भरणाऱ्या क्रिकेटच्या वर्गाला माझा बारा वर्षांचा मुलगा गेल्या वर्षीच्या जूनपासून जात आहे. वर्ग घेणारे सर त्याच शाळेत गणित शिकवतात आणि महाविद्यालयात असताना ते मुंबई विद्यापीठाकडून रोहिंटन बारिया करंडकात खेळले आहेत. १९३५ मध्ये सुरू झालेल्या या आंतरविद्यापीठ स्पर्धेचे नावही आज बहुतेक पालकांना ठाऊक नसते, आणि सर आपण होऊन ते सांगत नाहीत.

त्यांच्यातला शिक्षक मात्र पहिल्या दिवसापासून दिसतो. तेरा वर्षांखालील मुलांसाठी क्रिकेटच्या नियमांत मोठ्यांच्या चेंडूपेक्षा हलका, १३३ ते १४४ ग्रॅमचा चेंडू सांगितलेला आहे. ‘आमच्या मुलाला मोठ्यांचाच सीझन बॉल द्या’ असा आग्रह धरणाऱ्या पालकांना (त्यांत मीही होतो) ते शांतपणे नकार देतात. सरावाच्या सामन्यात प्रत्येक मुलाला आळीपाळीने स्कोअरबुक लिहावे लागते. फलंदाजांच्या धावा आणि अवांतर (फलंदाजांच्या नावावर न लागणाऱ्या धावा) मिळून होणारी बेरीज, गोलंदाजांनी दिलेल्या धावांत बाय (चेंडू बॅटला किंवा अंगाला न लागता गेल्यावर पळून काढलेल्या धावा) आणि लेग बाय (चेंडू अंगाला लागून गेल्यावरच्या धावा) मिळवून येणाऱ्या बेरजेशी जुळल्याशिवाय वही मिटायची नाही, असा दंडक आहे. बाय गोलंदाजाच्या नावावर का लागत नाही, हे मला माझ्या मुलाने समजावले. एरवी बेरजेची उदाहरणे सोडवताना त्याला झोप येते.

उणिवाही आहेत. चोवीस मुलांना दोनच नेट (जाळी लावलेल्या सरावाच्या खेळपट्ट्या) असल्यामुळे एकेकाच्या वाट्याला जेमतेम दहा मिनिटांची फलंदाजी येते, आणि ज्यांना लवकरात लवकर निवड चाचण्यांपर्यंत पोहोचायचे आहे त्यांना ती पुरणार नाही. सहामाही परीक्षेच्या काळात सर उत्तरपत्रिका तपासत असल्याने वर्ग रद्द होतात आणि तसा निरोप कित्येकदा चार वाजता येतो. घोडबंदर रोडवरून गाडी काढून निघालेल्या पालकाला तो अर्ध्या वाटेत मिळतो. जुलैत तर मैदानात पाणी साचल्याने महिनाभर नेट लागले नाही, तरी शुल्क पूर्ण घेतले गेले. मी विचारले तेव्हा, त्या महिन्यात वर्गखोलीत नियम आणि स्कोअरिंग शिकवले, तेही क्रिकेटच आहे, असे सरांचे उत्तर होते. ते मला पटले, पण निम्मेच.