मेंदूतली क्षयाची गाठ: कोणता सिक्वेन्स पैसे वसूल करतो?

नुसतं 'ब्रेन एमआरआय, कॉन्ट्रास्टसह' (शिरेतून उजळवणारं औषध देऊन) लिहून भागत नाही; कोणता सिक्वेन्स, म्हणजे चित्र घेण्याची कोणती पद्धत, हेही सांगावं लागतं. कॉन्ट्रास्टनंतर उजळणारं कडं पट्टकृमीच्या गाठीत, पुवाच्या गळवात आणि ट्यूमरमध्येही दिसतं. टी२ या सिक्वेन्सवर (यात पाणी पांढरं दिसतं) गाभा काळा असेल तर घट्ट केसिएशनचा, म्हणजे क्षयात पेशी मरून होणाऱ्या चीजसारख्या लगद्याचा, संशय बळावतो. तोच गाभा पातळ झाला की पांढरा होतो, डिफ्यूजनवरही (पाण्याच्या रेणूंची हालचाल दाखवणारा सिक्वेन्स) चमकतो आणि हमखास गळू वाटतो.

आमची पसंती एमटी टी१ला, म्हणजे मॅग्नेटायझेशन ट्रान्सफर जोडलेल्या टी१ सिक्वेन्सला. काही मिनिटांचं काम, पण कॉन्ट्रास्टच्या आधीच घ्यायचं. तेव्हा गाठीचं कडं आपसूक उजळ दिसतं. नंतर घेतलं तर उजळपणा कशाचा, हे कळतच नाही.

स्पेक्ट्रोस्कोपीचं (गाठीतली रसायनं आलेखावर दाखवणारी एमआरआय तपासणी) कौतुक जरा जास्तच होतं. आलेखाच्या आडव्या पट्टीवर १.३ पीपीएमला लिपिडचा (चरबीचा) उंच सुळका आणि अमिनो आम्लं गैरहजर, हे क्षयाच्या बाजूचं. लॅक्टेटही तिथेच येतं. टीई (इको टाइम, सिग्नल मोजण्याआधीचा वेळ) १४४ मिलिसेकंद ठेवला की लॅक्टेटचा सुळका उलटा होतो, लिपिडचा सरळच राहतो. व्हॉक्सेल (मोजणीसाठी निवडलेला चौकोनी ठोकळा) कवटीला टेकला, तर डोक्याच्या त्वचेखालची चरबीच मोजली जाते; तिथला सिग्नल दाबणारे सॅच्युरेशन बँड लावून घ्या. सडलेल्या ट्यूमरमध्येही लिपिड असतं. गाठ सेंटिमीटरहून लहान असेल, तर हा खर्च टाळा आणि पट्टकृमीचं डोकं शोधायला पातळ थरांचा सीआयएसएस (बारीक तपशील दाखवणारा सिक्वेन्स) मागा.